सोसायटीत बोअर मारायचीय, पण खालून मुंबईचा पाण्याचा बोगदा जातो का हे सांगणार कोण?

टँकरसेक्रेटरी (ठाणे प.), शनिवार रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कापूरबावडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुनी, चार विंग. एप्रिल लागला की टँकर सुरू होतात ते पाऊस स्थिरावेपर्यंत, आणि मेंटेनन्सचा निम्मा पैसा त्यातच जातो. यंदा जनरल बॉडीत बोअर मारायचं ठरत आलं होतं, ठेकेदार येऊन नारळ वगैरे घेऊन जागा पण दाखवून गेला (खरंच नारळ, हातावर आडवा ठेवून), आणि तेवढ्यात सी विंगचे एक काका उठले आणि म्हणाले की खालून मुंबईचा बोगदा जातो, मागे एकाने बोअर मारून तो फोडला होता, तुम्हाला तुरुंगात जायचंय का. सभा तिथेच संपली.

तर प्रश्न दोन. एक, काका म्हणतात ते खरं का? दोन, आपल्या जमिनीखाली काय आहे हे विचारायचं कुठे? ठाणे पालिकेत विचारलं तर म्हणाले बोगदा मुंबईचा आहे, तिकडे विचारा. बोअरचा ठेकेदार म्हणतो तीनशे फूट मारू, काय नाय होत साहेब. जाणकारांनी सांगा.

वॉल्व्हमन_निवृत्त, शनिवार रात्री १०:०२

काकांना माझा नमस्कार सांगा, ते शंभर टक्के खरं बोललेत. पाणीखात्यात आयुष्य गेलं माझं, कुठल्या पालिकेच्या ते राहू दे.

भिवंडीजवळच्या गुंदवलीपासून कापूरबावडीमार्गे भांडुप संकुलापर्यंत मुंबई महापालिकेचा पंधरा किलोमीटरचा जलबोगदा आहे. व्यास साडेपाच मीटर, म्हणजे आत ट्रक आरामात उभा राहील. ठाण्याच्या हद्दीत कुणीतरी बोअर मारली आणि ती सरळ या बोगद्यात उतरली, गळती सुरू. दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवावा लागला, पाणी जुन्या जलवाहिन्यांतून वळवलं, आणि २०२३ मध्ये ३१ मार्चपासून महिनाभरासाठी अख्ख्या मुंबईला १५ टक्के पाणीकपात जाहीर. एका बोअरपायी. पेपरात सगळं आलं होतं.

आता हा बोगदा ठाण्यातूनच का, तर नकाशा डोळ्यासमोर आणा. धरणं सगळी तिकडे उत्तरेला आणि पूर्वेला, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा, आणि अप्पर वैतरणा तर पार इगतपुरीला, नाशिक जिल्ह्यात. पाणी शुद्ध करायचं मोठं केंद्र भांडुपला, दिवसाला १९१० दशलक्ष लिटरचं. मधे काय? ठाणे. मुंबईच्या स्वतःच्या हद्दीत फक्त विहार आणि तुळशी, विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा, आणि ते दोन्ही मिळून आजच्या मुंबईला दुपारच्या चहापुरते. बाकी सगळं बाहेरून येतं आणि बहुतेक आपल्या अंगावरून किंवा पोटातून जातं. वरून तानसाचे जुने काळे पाइप दिसतात म्हणून लोकांना माहीत असतात, बोगदा दिसत नाही म्हणून तो नसतोच असं ठेकेदाराला वाटतं.

खारेगाव_टोल, शनिवार रात्री १०:२०

म्हणजे मुंबईचं पाणी आमच्या सोसायटीच्या खालून जाणार आणि आम्ही वर टँकरवाल्याच्या पाया पडणार. वा रे वा. एक नळ जोडून द्या म्हणावं मधेच.

वॉल्व्हमन_निवृत्त, शनिवार रात्री १०:४१

@खारेगाव_टोल तो नळ जोडलेला आहे हो. ठाण्याला रोज साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यातले ८५ मुंबई महापालिका देते. ते कोपरी, किसननगरकडचा काही भाग असं जातं. ठाणे पालिकेची स्वतःची योजना २५० ची, ती भातसा नदीवर पिसे इथे पाणी उचलते. स्टेम ही पाणी पुरवणारी सरकारी कंपनी ११५ देते, ते उल्हास नदीचं, शहाडहून. एमआयडीसी १३५, ते बारवी धरणाचं, कळवा मुंब्रा दिवा तिकडे.

आणि बोगद्यातलं पाणी पिण्याजोगं नसतं सगळं, बरंचसं भांडुपला जाऊन शुद्ध होतं. जोडून दिलं तरी प्यायला पोट पाहिजे.

म्हणूनच ठाण्यात 'उद्या पाणी नाही' ची बातमी आली की आधी विचारायचं, कोणाचं पाणी नाही? शुक्रवारचं शटडाऊन एमआयडीसीचं असलं तर कळव्यात बादल्या भरतात आणि नौपाड्यात गाड्या धुतात. स्टेमचं शटडाऊन असलं की यादी वेगळी. मुंबईने कपात लावली की ती आपल्या ८५ ला पण लागते. शहर एक, पाणी चार घरचं, आणि स्वतःचं धरण एकही नाही. शाई धरण, काळू धरण ही नावं मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय.

शहापूरकर_एसटीवाला, शनिवार रात्री ११:०८

सगळ्यांचं वाचतोय. तुम्ही ठाणेकर मुंबईच्या नावाने बोंब मारता, आम्ही कोणाच्या नावाने मारायची? तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात, आणि मे महिन्यात टँकर पण आमच्याच तालुक्यात. माझ्या आजोळच्या पाड्यावर उभं राहिलं की धरणाचं पाणी दिसतं आणि मामी हंडा घेऊन विहिरीवर. कारण साधंय, धरण खाली दरीत आणि पाडा वर डोंगरावर. पाणी खाली मुंबईकडे आपोआप उतरतं, गुरुत्वाकर्षणावर, पंप पण लागत नाही बऱ्याच ठिकाणी. वर पाड्यावर चढवायला पंप लागतो, वीज लागते, आणि त्याचं बिल भरणारी ग्रामपंचायत लागते. तानसा १८९२ चं आहे. तेव्हापासून उताराच्या बाजूला कोण राहतं यावर सगळं ठरलंय.

सोसायटीच्या बोअरला शुभेच्छा.

पामबीच_सायकल (नेरूळ), रविवार सकाळी ७:३३

म्हणून म्हणतो नवी मुंबईत या 😄 स्वतःचं धरण असलेली महापालिका. मोरबे, खालापूरकडे, धावरी नदीवर. शासनाकडून २००२ मध्ये पालिकेने विकत घेतलं. ४५० दशलक्ष लिटर रोज. टँकर म्हणजे काय ते आमच्या मुलांना चित्रात दाखवावं लागतं.

कामोठेकरीण, रविवार सकाळी ८:१०

@पामबीच_सायकल दादा, 'आमच्या मुलांना' म्हणजे बेलापूर ते दिघा एवढ्याच मुलांना. आम्ही पण पत्ता लिहिताना नवी मुंबईच लिहितो हो. पण कामोठे, खारघर, कळंबोली पनवेल महापालिकेत, ती २०१६ ला झाली. तुम्ही ठाणे जिल्हा, आम्ही रायगड. गाडीची पाटी तुमची एमएच ४३, आमची ४६. पोलीस आयुक्तालय मात्र दोघांना एकच. फोनचा कोड पण ०२२. आणि पाणी? सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), हेटवणे धरण, एमजेपी म्हणजे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, आणि कामोठ्याला तर तुमच्याच मोरब्याचं विकत. तुमचं मोरबे धरण पण आमच्या रायगड जिल्ह्यात आहे बरं का. धरण आमच्याकडे, फुशारकी तुमच्याकडे.

कुठल्या नळाला कोण जबाबदार हे समजायला मला या घरात राहायला आल्यावर बराच काळ लागला. रस्त्याचा दिवा गेला तर एका ऑफिसात सांगतात तो अजून हस्तांतरित झालेला नाही, दुसऱ्यात सांगतात झालाय. दिवा बिचारा तसाच बंद.

घणसोली_गावठाण, रविवार सकाळी ९:२६

पाण्याचं बोलताय तर नवी मुंबईचं खरं छुपं यंत्र मोरबे नाहीच, ते पाइप आहेत, पाइप सगळ्या शहरांना असतात. खरं यंत्र म्हणजे धारण तलाव, होल्डिंग पाँड. वाशीच्या मिनी सीशोरला भेळ खायला जाता ना सगळे, ते पाणी शोभेचं नाही. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, तिथे जॉगिंग करता, तेही तेच.

आता कसं चालतं बघा. वाशी नेरूळ बेलापूरचा बराच भाग खाडीत भराव टाकून उभा केलेला, उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी जमिनीपेक्षा वर असतं. गटाराचं तोंड खाडीत सोडलं तर भरतीला खाडी गटारातून उलटी घरात येईल. म्हणून सिडकोने हॉलंडसारखी व्यवस्था केली, सगळे नाले आधी तलावात, तलावाच्या तोंडाला फ्लॅप गेट. भरती आली की पाण्याच्या दाबानेच गेट मिटतं, पावसाचं पाणी तलावात साठत राहतं, ओहोटी लागली की गेट उघडतं आणि तलाव खाडीत रिकामा होतो. मोटर नाही, माणूस नाही. मुंबईत असं नाही, तिथे ब्रिटिशांची गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि तोही ओहोटीला पडेल अशा हिशोबाची, म्हणून नंतर हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर असे मोठमोठे पंप बसवावे लागले. तोपर्यंत २६ जुलै २००५ होऊन गेला होता, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर.

पण पेपरात 'डच तंत्रज्ञान' वाचलं की आमच्या गावातली म्हातारी माणसं हसतात. सिडको १९७० ची. त्याच्या आधी इथे आमची भाताची खारशेती होती, मिठागरं होती. खाडीला बांध घातलेला आणि बांधाला उघाडी. भरतीला उघाडीची फळी बंद, ओहोटीला उघडी, शेतातलं पाणी बाहेर. काम तेच हो. फरक एवढा की बांध फुटला की रात्री अख्खा गाव चिखल आणि पेंढा घेऊन धावायचा, कारण शेत ज्याचं त्याचं होतं. आता तलावात गाळ साठलाय, त्यावर कांदळवन उगवलंय, कांदळवन तोडायला हायकोर्टाची परवानगी लागते, त्यामुळे वर्षानुवर्षं गाळ निघत नाही आणि तलावाची पोटं भरत चाललीत. कांदळवन पण हवंच म्हणा, मासे त्यातच वाढतात. पंचाण्णव गावांची जमीन घेतली तेव्हा बांधाची राखण कोण करणार हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

वाचनमात्र_वसुधा, रविवार सकाळी ९:५०

@घणसोली_गावठाण वेगळा धागा काढा प्लीज यावर. मी मिनी सीशोरला रोज चालते आणि मला हे माहीतच नव्हतं.

मुलुंड_चेकनाका, रविवार सकाळी ११:१५

मुंबईकर म्हणून आमची पण बाजू मांडतो. तुम्हाला वाटतं मुंबई म्हणजे एक मालक. अहो, आमच्याकडे वॉर्ड ए पासून टी पर्यंत, मधली काही अक्षरं गायब, आय, जे, ओ, क्यू नाहीत. भांडुप एस, मुलुंड टी, आणि टी संपला की तुमचं ठाणे. जिल्हे दोन, शहर आणि उपनगर, १९९० ला वेगळे केले. नगरसेवक २२७, पण खरी सही आयुक्तांची, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. मुलुंड मुळात मुंबईत आलं तेच १९५७ ला.

आणि गंमत ऐका. कुलाब्याला वीज बेस्टची, अंधेरीला अदानी किंवा टाटा, आणि आम्हाला मुलुंड भांडुपला महावितरण. पालिकेच्या हिशोबाने आम्ही मुंबई आणि विजेच्या तारेच्या हिशोबाने ठाण्याचे. चेकनाक्यावरचा जकात नाका २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाला, पण जमिनीखालची हद्द कुठे बंद होते ते कोणाच्या बापाला माहीत नाही.

आणि हो, फक्त तुमच्या बोअरमुळे आमचं पाणी जातं असं नाही. १८ जुलै २०२१ च्या पावसात खुद्द भांडुप संकुलातच पाणी शिरलं, यंत्रणा बंद, आणि सगळ्या मुंबईला पाणी उकळून प्या असा निरोप. बाहेर पूर आणि नळ कोरडा.

रबाळे_नाइटशिफ्ट, रविवार दुपारी १२:०५

विजेचं निघालं म्हणून. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई ठाणे नवी मुंबई एकदम अंधारात, लोकल जागच्या जागी उभ्या. कारण कुठे? कळवा आणि पडघा. मुंबईत बाहेरून येणारी वीज त्या लाइन्सवरून येते. मी डेटा सेंटरमध्ये आहे (कुठल्या ते विचारू नका), ऐरोली रबाळे महापे हा पट्टा बाहेरून नुसत्या खिडक्या नसलेल्या पांढऱ्या इमारती, कुत्रं सुद्धा थांबून बघत नाही, पण मुंबईतले अर्धे लोक मोबाइलवर पैसे पाठवतात ते इथून फिरून जातात. तेव्हा डिझेल जनरेटरच्या आवाजाने बोलणं ऐकू येत नव्हतं.

बरो_बाबुराव (सध्या लंडन, मूळ पाचपाखाडी), रविवार दुपारी ३:४०

अवांतर होईल थोडं पण राहवत नाही. हा गोंधळ फक्त आपल्याकडे नाही. लंडनमध्ये ३२ बरो (म्हणजे स्थानिक पालिका) आणि मधोमध सिटी ऑफ लंडन स्वतंत्र. १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त केली, आणि २००० पर्यंत अख्ख्या लंडनची मिळून निवडून आलेली एकही संस्था नव्हती. चौदा वर्षं! तरी नळाला पाणी येत होतं, कारण खालची व्यवस्था बरोंच्या मालकीची नाहीच. पाण्याची सुमारे ८० किलोमीटरची रिंग बोगद्यातून शहराभोवती फिरते ती खासगी कंपनीची, आणि मैल्याची मोठी गटारं १८५८ च्या उन्हाळ्यात नदीचा वास पार्लमेंटमध्ये शिरला म्हणून बांधलेली, ती अजून वापरात.

पण मूळ प्रश्नाला उपयोगी मुद्दा हा की इथे आता जमिनीखालच्या पाइप आणि केबलींचा एक राष्ट्रीय डिजिटल नकाशा तयार केलाय. खोदणाऱ्याने आधी त्यात बघायचं.

खारेगाव_टोल, रविवार दुपारी ३:५२

आला फॉरेनचा. धागा भरकटवू नका. आपल्याकडे नकाशा केला तर पहिला खड्डा तो नकाशा ठेवलेल्या ऑफिससमोरच पडेल.

केबल_जोडणारा, रविवार दुपारी ४:१८

@खारेगाव_टोल हसू नका, आपल्याकडे पण आहे. 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं केंद्र सरकारचं अॅप, २२ मार्च २०२३ ला पंतप्रधानांनी सुरू केलं. खोदणाऱ्याने जागा टाकायची, त्या जागेखाली ज्याची केबल किंवा पाइप असेल त्याला निरोप जातो. तारीख बघा, २२ मार्चला अॅप आणि ३१ मार्चपासून बोगद्यापायी मुंबईची कपात. नशीब म्हणायचं की काय.

फायबर टाकायच्या कामात आम्ही वापरतो. पण बोअरवाल्यांपैकी कोणी वापरताना मी तरी पाहिला नाही. त्यांची गाडी रात्री येते, पहाटेपर्यंत धडधड आणि सकाळी गायब. रस्ता खणला तर वॉर्ड ऑफिसला कळतं, सोसायटीच्या आवारात सहा इंचाचं भोक पाडलं तर शेजारच्या विंगलाच कळतं. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर अंधेरीला वेरावलीची १८०० मिलिमीटरची जलवाहिनी मेट्रोच्या कामात फुटली, म्हणजे मोठ्या कामांत पण हेच.

वॉल्व्हमन_निवृत्त, रविवार संध्याकाळी ६:३०

चर्चा छान पण मूळ माणूस वाट बघतोय. @टँकरसेक्रेटरी, माझं मत विचाराल तर असं करा. सोसायटीच्या लेटरहेडवर सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) आणि सर्व्हेचा नकाशा जोडून मुंबई महापालिकेच्या जलअभियंता खात्याला पत्र द्या, 'या जागेखालून किंवा जवळून आपला बोगदा अथवा जलवाहिनी जाते का, लेखी कळवावे'. प्रत ठाणे पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला, आवक क्रमांक घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला पण एक पत्र, कारण भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही 'खोल विहीर' धरली जाते आणि ठेकेदार तुम्हाला तीनशे फूट म्हणतोय म्हणजे नव्वद मीटर. नेटवर बोगद्याची रेघ शोधून त्यावर विसंबू नका. जाड पेनाने काढलेली रेघ जमिनीवर अख्खी गल्ली झाकते. लेखी उत्तर येईपर्यंत नारळवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.

नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या आवारात जुनी विहीर आहे का? त्या भागात असायच्या.

टँकरसेक्रेटरी, रविवार रात्री ८:०५

बापरे, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार, काकांना धागा वाचून दाखवला, ते आता मला सोडत नाहीयेत.

विहीर आहे! डी विंगच्या मागे, वर जाळी टाकलेली, निर्माल्य आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल त्यात जातो. पाणी आहे आत, किती ते माहीत नाही. बिल्डरने बुजवायची राहिली असं जुने लोक सांगतात. पिण्याला नाही तरी फ्लशला आणि गाड्यांना चालेल ना? टँकर निम्मे झाले तरी मी नवस फेडीन.

वॉल्व्हमन_निवृत्त, रविवार रात्री ८:२२

चालेल की. आधी उपसा करून बघा, उपसल्यावर किती तासांत भरते ते लिहून ठेवा, त्यावरून मोटर ठरवा. गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्यातच सोडा. पाणी तपासल्याशिवाय घरातल्या टाकीत चढवू नका. आणि पत्रं तरीही द्या, बोअर मारा नका मारा. उद्या शेजारची सोसायटी मारेल.

शहापूरकर_एसटीवाला, रविवार रात्री ८:४०

विहिरीतला गाळ काढणारी आमच्याकडची माणसं आहेत, पावसाआधी मोकळी असतात. यंत्र नाही, दोर आणि घमेली, पण विहिरीचं बांधकाम हलू देत नाहीत. हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मजुरी ठरवताना घासाघीस करू नका एवढंच.

टँकरसेक्रेटरी, रविवार रात्री ८:४४

व्यनि केलाय.